बाईचा इको

हृदयाची झडप बदलायची आहे असं कुणाला कळलं, की आजकाल त्याचे नातेवाईक माझ्याकडे येतात. छाती न उघडता, मांडीतून नळी घालून झडप बसवलेला एक म्हातारा अमरावतीत राहतो, हे आता बऱ्याच जणांना माहीत झालं आहे. ते येतात, मला चालताना बघतात, मग शर्टाकडे बघत राहतात. एकाने तर विचारलं, "सर, हात लावून पाहू काय?" मी लावू दिला. बाहेरून काही कळत नाही हे त्याला पटलं, आणि चहा घेऊन तो गेला.

तोंडी सांगताना माझ्याकडून अर्धंच सांगून होतं. म्हणून हे लिहितो आहे. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. दुसऱ्यांनी लिहिलेलं सांभाळण्यात नोकरी गेली, स्वतः लिहायची सवय नाही. सावकाश लिहीन. माझ्या उपचाराचं सांगणं सोपं आहे, कारण ते नीट झालं. माझ्या मोठ्या बहिणीचं, जिला आम्ही बाई म्हणायचो, तिचं सांगणं सोपं नाही. पण दोन्ही एकाच गोष्टीत आहेत.

*

ते बोंडअळीचं वर्ष होतं. त्याच हंगामात फवारणीचं औषध अंगात जाऊन शेतकरी आणि मजूर दवाखान्यात येत होते. मी अमरावतीच्या इतवारा बाजारात मेथी निवडता निवडता खाली पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा खाटेवर होतो आणि एक तरुण डॉक्टर डोळ्यांत बॅटरी मारून बघत होता.

"बाबा, फवारणी कधी केली?"

"मी फवारणी केली नाही."

"शेतात तर गेले असाल?"

"इतवाऱ्यात गेलो होतो. भाजी आणायला."

त्याला ते खरं वाटलं नाही. शेजारच्या खाटेवर चांदूरकडचा एक माणूस होता, त्याचे डोळे सुजले होते. तो मला समजावू लागला, "काका, सांगून द्या ना. लपवून काय फायदा? मी बी पह्यले नाईच म्हटलं होतं." मी ग्रंथपाल आहे, मला शेत नाही, असं सांगितल्यावर तो म्हणाला, "मंग दुसऱ्याच्या वावरात काऊन गेले होते?"

मला हसू आलं आणि हसताना दम लागला. तो दम बघून एक वयस्क डॉक्टरीणबाई थांबल्या. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. "तुम्हाला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही?" त्यांनी विचारलं. "झडपेचा आवाज येतोय. इको करा. उद्यावर टाकू नका."

खरं म्हणजे शरीर आधीपासून सांगत होतं. दोनेक वर्षांत मी वरच्या मजल्यावरची झोपायची खोली खाली आणली होती. संध्याकाळचं फिरणं आधी चौकापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत आलं होतं. बायको गेल्यापासून घरात मी एकटाच, त्यामुळे माझं आयुष्य आखूड होत चाललंय हे बघायला कुणी नव्हतं. मी त्याला वय म्हणत होतो. 'वय झालं' म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

*

इको करणाऱ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथल्या झडपेला तीन पाकळ्या असतात. मला जन्मापासून दोनच. दोन पाकळ्यांनी इतकी वर्षं तिघींचं काम केलं, त्यांच्यावर चुना साचला, आता त्या दगडासारख्या झाल्या आहेत. तारुण्यात क्षयाने एक फुप्फुस अर्धं खाल्लेलं असल्याने छाती उघडणं धोक्याचं. नागपूरला मांडीतून झडप बसवतात, तिथे जा.

मी चित्राची घडी करत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "भाऊ-बहिणी आहेत?"

"एक मोठी बहीण. अकोल्याला असते."

"त्यांचाही इको करून घ्या. हे घराण्यात चालतं."

मी त्याच दिवशी बाईला फोन केला. माझं सगळं सांगितलं, मग तिचं सांगितलं.

"मले काय धाड भरली?" ती म्हणाली.

"बाई, तुलाही दम लागतो."

"तो जिनिंगचा दम हाय, बापू. आमच्या साऱ्या बायाइले लागते. तू पुस्तकात बसून दम लावून घेतला, तुयं सांग."

अकोल्याच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, बाईने अर्धं आयुष्य काढलं होतं. रेच्यांच्या यंत्रांपुढे कापूस टाकायचा, सरकी वेगळी पडायची, रुई उडायची. नाकातोंडात, पापण्यांवर, भाकरीवर रुई. संध्याकाळी सुटी झाली की दारावर प्रत्येकीच्या हातावर गुळाचा खडा ठेवत. गूळ खाल्ला की छातीतली रुई खाली उतरते, ही तिथली समजूत. डॉक्टरही खेड्यापाड्यांतल्या बायांना विचारत, "जिनिंगमध्ये होत्या काय?" त्या हो म्हणाल्या की पुढे तपासत नसत. अकोल्यात धापा टाकणारी बाई म्हणजे जिनिंगची बाई, इतकं ते पक्कं होतं. बाईच्या पदराच्या गाठीत गूळ असायचा आणि चढ आला की ती गाठ सोडायची. ती धुळीवरचं औषध घेत होती. छातीत धूळ नसेल, दुसरंच काही असेल, हे तिला, मला, तिला तपासणाऱ्यांपैकी कुणालाच कधी वाटलं नाही.

फोन ठेवण्याआधी तिने विचारलं, "तुयाजवळ कोन रायते?"

"निखिल येतोय पुण्याहून." निखिल माझा मुलगा.

"पोट्ट्याले पेज करता येते काय? मी येतो."

आमच्याकडे जुन्या बाया स्वतःला 'मी येतो'च म्हणत. दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन दारात होती.

*

झडप बसवण्याआधी बऱ्याच गोष्टी होतात, त्यांची तयारी ठेवा. माझे दोन किडके दात आधी काढले, कारण दातातला जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसतो. मग सीटी स्कॅन, त्यावरून झडपेचं माप. मापाची झडप मागवावी लागते. या वाट बघण्याच्या दिवसांत भीती जास्त असते. मला पुस्तक वाचता येईना. तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचो. बाई म्हणायची, "तेच पान किती डाव वाचतं? पाठ करून घेतं काय?"

नागपूरच्या डॉक्टरांनी टेबलावर नमुना ठेवून दाखवला. तारांची बारीक जाळी, तिच्या आत पातळ पडद्याच्या तीन पाकळ्या. ही जाळी बर्फाच्या पाण्यात मिटवतात, काडीएवढी करतात, नळीत भरून हृदयापर्यंत नेतात. रक्ताची ऊब लागली की ती आपोआप उमलते आणि जुन्या झडपेला बाजूला दाबून तिच्या जागी घट्ट बसते. टाका नाही, खिळा नाही.

"निसटत नाही?" निखिलने विचारलं.

"जो चुना साचलाय ना, तोच तिला धरून ठेवतो," डॉक्टर म्हणाले.

मी हे पुढे कित्येकांना सांगितलं आहे. ज्याने गळा आवळला तोच आधार देतो, हे ऐकून लोकांना बरं वाटतं. मलाही वाटलं होतं.

बाईने मात्र पाकळीला बोट लावून विचारलं, "हे कायचं हाय?"

"जनावराच्या हृदयावरचा पडदा असतो, आजी."

"कोनतं जनावर?"

डॉक्टर जरा घुटमळले. "बैल म्हणा."

बाईने माझ्याकडे बघितलं. "घे बापू. आता पोयाले तुयीच खांदेमळणी करा लागन." पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळतात, म्हणून डॉक्टरसुद्धा हसले. निखिल हसला नाही. मला मुंबईला न्यायचं असं त्याचं म्हणणं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. पैशाचं त्याने आणि माझ्या पेन्शनने मिळून निभावलं, त्याबद्दल इथे लिहीत नाही. पण त्याचा राग कुठेतरी निघायचाच होता आणि तो आत्यावर निघाला. तिचं मोठ्याने बोलणं, वॉर्डात ओळखी काढणं, मला साखर असताना गूळ पुढे करणं, सगळंच त्याला खुपत होतं.

एके दुपारी तो म्हणाला, "आत्या, तू अकोल्याला जा. मी नर्स ठेवतो. तुझंच वय झालंय."

"वय झालं म्हनून हाकलतं काय रे? माया भाऊ हाय तो. तुया बाप मागून झाला."

मी बाईची बाजू घेतली. आज वाटतं, ती त्या दुपारी रागावून गेली असती तर बरं झालं असतं.

*

बाईला लिफ्टची भीती होती. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर. ती जिन्याने यायची, आणि प्रत्येक मजल्यावर थांबून तिथल्या नातेवाइकांशी बोलायची. कोण कुठलं, कुणाचं काय झालं, सगळं तिला ठाऊक. पातूरची एक सासू-सून, तेल्हाऱ्याचा मास्तर, मूर्तिजापूरचे एक अत्तरवाले काका, जे तिला 'आपा' म्हणायचे. वर आली की बातम्या द्यायची. "दुसऱ्या माळ्यावरच्या त्या मास्तरची सून लई कजाग हाय बाप्पा." मी म्हणायचो, बाई कुठेही गेली तरी गाव वसवते.

ती दम खायला थांबत होती. थांबलेल्या माणसाने बोलायचं तरी काय, म्हणून कुणाकडे तरी बघून विचारायची, तुमचं कोण आजारी आहे.

*

उपचाराच्या दिवसाबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात. मी पूर्ण बेशुद्ध नव्हतो. मांडीच्या सांध्यात सुई टोचल्याचं कळलं, पुढे फक्त कुणीतरी आत काही सरकवतंय असं. खोली थंडगार होती, पाय गारठले होते. एका क्षणी डॉक्टर म्हणाले, "आता थोडं धडधडेल, घाबरू नका." हृदय मुद्दाम इतकं वेगाने पळवतात की ते रक्त जोराने फेकू शकत नाही आणि झडप बसताना सरकत नाही. छातीत एकदम पोकळ वाटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. मला वाटलं, संपलं. मग कुणीतरी "छान" म्हणालं. ते कशाला उद्देशून होतं मला माहीत नाही, पण त्या एका शब्दावर मी पुढचा सगळा वेळ काढला.

नंतर पाय न वाकवता पडून राहायचं असतं. हे सर्वांत कंटाळवाणं. एक नर्स येता-जाता माझ्या पायांवरचं पांघरूण नीट करून जायची, न सांगता. आणि संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की पाय गरम आहेत. कित्येक वर्षांत माझे पाय असे गरम नव्हते. मी बाईला सांगितलं. तिने पांघरुणात हात घालून पाहिलं आणि तळपायांवर हात तसाच ठेवून बसली. तिचे हात थंड होते. "बाहेर पाण्यानं हात धुतले," ती म्हणाली.

*

आमच्या घरात एक रीत आहे. आजाऱ्याच्या उशाशी जो बसला, त्याने आपलं दुखणं बोलायचं नाही. आजारी माणूस उठून डोक्यावरून आंघोळ करीपर्यंत नाही. बोललं तर एक दुखणं दुसऱ्याला धरून राहतं, आजारी उठत नाही. आमच्या आईने वडिलांच्या आजारात पाळली, माझ्या बायकोच्या वेळी मी पाळली. मी शिकलेला माणूस आहे, मी तिला रीत म्हणायचो, श्रद्धा नाही. पण पाळली.

अमरावतीला परत आल्यावर जखम भरेपर्यंत डोक्यावरून पाणी घ्यायची मनाई होती. अंग पुसून घ्यायचो. मी आठवण दिली होती, "बाई, तुझा इको राहिला." ती म्हणायची, "तुयी आंघोय होऊ दे." मला ते टाळणं वाटलं. ते टाळणं नव्हतं. ती नियमाने चालत होती.

परवानगी मिळाली त्या दिवशी तिने स्वतः पाणी तापवलं. आंघोळ करून मी बाहेर आलो, केस पुसत होतो. ती ओसरीत भिंतीला टेकून बसली होती.

"बापू, आता सांगतो," ती म्हणाली. "मले रात्री आडवं झोपता येत नाई. बसूनच झोपतो."

"कधीपासून?"

"आली तवापासून. त्याच्या आंधी बी थोडं होतं."

त्याच दिवशी इको केला. दोनच पाकळ्या, माझ्यासारख्या. माझ्यापेक्षा जास्त चुना. शिवाय हृदयाचा स्नायू थकलेला, पायांवर सूज, जी ती नऊवारीखाली झाकत होती. डॉक्टरांनी तिला औषधं दिली आणि मला बाहेर बोलावलं. "लवकर करा," ते म्हणाले. 'लवकर' या शब्दाचा अर्थ विचारायचं मला धैर्य झालं नाही.

बाईने एकदाही नाही म्हटलं नाही. लोकांना वाटतं, जुन्या बाया घाबरतात, हट्ट करतात. तिने दात दाखवले, सीटी केला, फक्त दोन गोष्टी विचारल्या. "तुले दुखलं काय?" मी म्हटलं, फारसं नाही. "जागी राहू देतेत?" मी म्हटलं, हो. "मंग बरं. झोपवून काही करू नाई मानसाले." निखिलने पुण्याहून फोन करून तिला म्हटलं, आत्या, मी येतो, तुझ्याजवळ मी बसेन. ती म्हणाली, "ये. पेज करता येते काय ते सांग पह्यले."

झडप मागवली. तारीख मिळाली. तोवर आपल्या घरी राहून येते म्हणून ती मुलाकडे, दिलीपकडे अकोल्याला गेली. तारखेच्या आदल्या आठवड्यात, सकाळी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. सून चहा घेऊन आली तेव्हा ती भिंतीला टेकलेली होती. हातात शेंग होती.

मी नंतर नागपूरच्या डॉक्टरांना विचारलं. माझ्या आधी तिला आणलं असतं, किंवा माझ्याबरोबर, तर? ते म्हणाले, "तेव्हा हृदय इतकं थकलेलं नसणार. त्याहून जास्त सांगता येत नाही." त्यांनी मला खोटा दिलासा दिला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पण ती माझ्याजवळ बसली ते सगळे दिवस मला आता माझ्या अंगावर घातलेल्या कपड्यांसारखे वाटतात. तिचे होते, मी वापरतो आहे. मी जिना चढतो. वरची खोली पुन्हा झोपायला घेतली आहे. सकाळी फिरायला लांबपर्यंत जातो. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून म्हणतात, एकदम छान आवाज आहे. त्यात माझा आनंद आहे, हे नाकारणार नाही. मात्र तो आनंद पूर्ण करता येत नाही, अर्ध्यावरच थांबतो.

*

तेरवीला सगळं गोत अकोल्यात जमलं होतं. जेवणं झाल्यावर मी दिलीपला बाजूला घेतलं. तो मार्केट यार्डात मापाडी आहे. बोंडअळीने कापूस नेल्यापासून काटा रिकामाच होता, आणि त्यात आईचं हे. मी म्हटलं, "निखिलने करून घेतला, उद्या सकाळी तुझा इको करायचा."

"मामा, मले काई होत नाई. पोतं उचलतो मी."

"तरी करायचा." मी मुक्काम केला आणि सकाळी त्याच्याबरोबर गेलो.

पडद्यावर त्याची झडप उघडत-मिटत होती. डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. दोनच पाकळ्या. पण मऊ, स्वच्छ, चुन्याचा कण नाही. आज काही करायचं नाही. दरवर्षी दाखवायचं, दम लागला तर लगेच यायचं. वेळ आली की उपाय आहे. दिलीप छातीवरचं जेल पुसत उठला. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला, जो अमरावतीत मला विचारला गेला होता, जरा बदलून. "मुलं आहेत?"

"एक पोरगी हाय. सातवीत."

"तिचाही करून घ्या."

दिलीप बाहेर आला, चप्पल घातली आणि गाडीची किल्ली शोधू लागला. मला वाटलं घरी निघाला. मी म्हटलं, मी इथे बाकावर बसतो, तू बायकोला फोन करून सांग, पोरीची तारीख घेऊन ठेवू. तो थांबलाच नाही.

थोड्या वेळाने तो परत आला. मागे पोरगी, शाळेचा गणवेश, पाठीवर दप्तर तसंच. वर्गातून उठवून आणलं होतं. ती गोंधळून माझ्याकडे बघत होती.

"अरे, फोनवर सांगायचं ना. उद्या आली असती," मी म्हणालो.

"फोनवर सांगून कोनी येत नाई, मामा," दिलीप म्हणाला. त्याने तिच्या पाठीवरचं दप्तर काढून माझ्या मांडीवर ठेवलं आणि तिला घेऊन आत गेला.